पोटगीचं हरीण

हेमलॉक बे, अलास्का
२८ सप्टेंबर १९९९

प्रिय मायर्टल,

तुझ्या भावानं माझ्या भाचीचा जबडा मोडला. एरवी तुला ‘विहीणबाई’ म्हणून दोन टोमणे मारल्याशिवाय माझं पत्र सुरू होत नाही, पण आज टोमणे राहू देत. बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहायला बसले आहे. रेडिओवर बोलले असते तर खाडीतल्या प्रत्येक होडीवाल्यानं कान लावला असता.

डीलिया मागच्या खोपीत सॅमन मासे टिकवायला धुरीवर टांगत होती. तिचा नवरा, तुझा लेलँड, तिथे आला. मुलगा एव्हरी सात वर्षांचा झाला, पुढच्या उन्हाळ्यापासून त्यानं हायरममामाकडे राहायचं, एवढंच तिनं सांगितलं. आपल्यात पोर आईच्या कुळाचं, आणि मुलाला माणसात आणायचं ते मामानं. यात नवीन काय आहे? पण लेलँड शहरात वाढला. ‘माझं पोर परक्याच्या हाती देतेस?’ म्हणाला आणि मासे मारायचा दांडका उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. ती खाली पडल्यावरही तो थांबला नाही. हायरम, तिचा भाऊ, धावत आला तेव्हा ती धुरीच्या निखाऱ्यांत डोकं टाकून पडली होती, केस पेटले होते आणि एव्हरी ते आपल्या हातांनी विझवत होता. पोराच्या तळव्यांना फोड आले आहेत.

वादळ होतं, पोलिसांचं विमान उतरू शकलं नाही. ते येईपर्यंत हा होडी घेऊन पसार झाला. डीलियाला इस्पितळात नेलं. तिचा जबडा तारांनी बांधून टाकला आहे. नळीनं रस्सा पिते आणि बोलायचं असलं तर पाटीवर लिहिते.

आपल्या गावच्या कोर्टानं काल निकाल दिला. निकाल देणारे तिघं म्हातारे, त्यातले दोघं तुमच्या गरुड कुळाचे आणि एक आमच्या कावळा कुळाचा, तेव्हा पक्षपात झाला म्हणू नकोस. मी नुसती हुकूम लिहिणारी. मुलगा आईकडे राहील. लेलँडनं डीलियावर हात टाकायचा नाही. त्याला बांधलेला पगार नाही, म्हणून पोटगी नेहमीसारखी जिनसांत: हरीण, मासे, सरपण, मुलाच्या आईच्या घरी पोचतं करावं.

आता तू सांग. तो तुझ्याकडे आहे का? तू एव्हरीची आत्या आहेस. त्या पोराकडे बघून खरं सांग.

तुझी,
रोवेना


९ ऑक्टोबर

विहीणबाई,

तू टोमणे राहू दिलेस तरी मी का राहू देऊ? लेलँड माझ्याकडे नाही. आणि अक्षर वाकडं दिसेल तर हसू नकोस, डाव्या हातानं लिहिते आहे. बंदरावरच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. कारखान्यात मासे कापायचं काम बंद आहे, तेव्हा पत्र लिहायला वेळच वेळ.

डीलियाचं ऐकून वाईट वाटलं. पण त्याची बाजू कुणी विचारली का? ती तोंडाची किती तिखट आहे हे तुलाही माहीत आहे. बापाला तोंडावर सांगायचं की तुझं पोर तुझं नाही, आणि मग बाप भडकला म्हणून गाव गोळा करायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! आई बुडाली तेव्हा लेलँड चार वर्षांचा होता. मी त्याला पाठीवर घेऊन वाढवलाय. त्याचा राग मला माहीत आहे, तो येतो आणि जातो.

आणि तुमचं ते कोर्ट. रात्री बिंगोचा खेळ आणि सकाळी न्याय, टेबलही तेच, कॉफीचं भांडंही तेच. हुकूम कुणी लिहिला, तर मुलीच्या मावशीनं. लेलँड तुमच्या गावचा नाही, गावच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याला हजर हो म्हणायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? परवा जेवताना तो म्हणत होता, इथला वकील म्हणाला की शहरातलं कोर्ट असल्या म्हाताऱ्यांचा हुकूम फुंकून उडवेल.

डीलियाला सांग, हाडं जुळतात. एव्हरीच्या हातांना अस्वलाची चरबी लावा.

तुझी,
मायर्टल


२४ ऑक्टोबर

विहीणबाई,

तो तुझ्याकडे नाही आणि परवा तुझ्याकडे जेवला. शाळेत असतानाही तुला खोटं बोलता येत नव्हतं, नेहमी मीच मार खायची. असो. आता तो तुझ्याकडे नाही हे मला पक्कं माहीत आहे, कारण तो डीलियाच्या घरात, चुलीजवळच्या खुर्चीवर बसला आहे.

रविवारी सगळं गाव चर्चमधून बाहेर पडत होतं. हा धक्क्यावर उतरला, खांद्यावर अख्खं हरीण.  सरळ डीलियाच्या घरी गेला, हरीण पायरीवर ठेवलं आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. डीलिया इस्पितळातून तारा तपासून यायची होती. हायरम माशांवर गेला होता. घरात माझी आई आणि एव्हरी. आईला पंचाऐंशी वर्षं झाली. कोर्टाचा हुकूम तिला ठाऊक नाही, तिला एवढंच दिसलं की ज्यानं मारलं तो मान खाली घालून स्वतःच्या हातानं मांस घेऊन आलाय. तिनं ते आत घेतलं, शिजवलं, शेजारच्या चारचौघांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं.

पुढचं तुला सांगायला नको. मारणाऱ्याच्या हातचं मांस घरच्या चुलीवर शिजलं आणि घरच्यांनी खाल्लं की भांडण मिटलं. मग त्याला दार बंद करता येत नाही, त्याच्यावर हात उगारता येत नाही, मागचं नाव काढता येत नाही. हायरम परत आला, बंदूक घेऊन दारापर्यंत गेला आणि आईनं ‘खाल्लंय’ म्हटल्यावर बंदूक टेकवून पायरीवर बसला. मी त्याला असा रडताना कधी पाहिला नव्हता.

इतकी वर्षं मी हुकूम लिहिते. दर वेळी तेच वाक्य, ‘आईच्या घरी पोचतं करावं.’ बाकीचे बाप पोटगीचं मांस गावच्या हॉलमधल्या फ्रीजरमध्ये टाकून जातात, म्हणून आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही की पोटगीचं हरीण आणि समेटाचं हरीण दिसायला एकच असतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

डीलिया संध्याकाळी परतली तेव्हा तो ताटावर बसला होता. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली ती रात्रभर तशीच. काल तिच्या दंडावर पाच बोटांचे वळ होते.

लेलँडला आपले रिवाज असे तोंडपाठ कधीपासून झाले? त्याला ही अक्कल कुणी दिली, मायर्टल?

रोवेना


२ नोव्हेंबर

रोवेना,

मी दिली. सांगायला लाज कसली? तो इथे बसून नुसता धुमसत होता, दारू पीत होता. मी म्हटलं, वकिलाच्या मागे लागण्यापेक्षा हरीण मार, स्वतःच्या खांद्यावर ने, टोपी काढून उभा राहा. आपल्या आज्या-पणज्यांनी खून पडले तरी असेच मिटवले. तुम्ही खाल्लंत. मग आता कसली तक्रार?

शब्दाला जागणारी माणसं आहोत आपण असं तूच सांगत असतेस. की शब्द फक्त कावळ्यांना सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा?

वळांचं ऐकलं. नवराबायकोत जुळायला वेळ लागतो. मी त्याला पत्र लिहिलं आहे, नीट वाग म्हणून. तो माझं ऐकतो.

मायर्टल


९ नोव्हेंबर

मायर्टल,

एव्हरी तुझ्याकडे आहे का? एवढं एकच आधी कळव. धक्क्यावरच्या फोनवर निरोप ठेव, कुणी ऐकलं तरी चालेल.

काय झालं ते ऐक. शुक्रवारी डीलिया स्वतः कोर्टात आली. पाटीवर लिहून आणलं होतं आणि ती पाटी तिनं तिघांसमोर धरली. ‘मी खाल्लं नाही.’ एवढंच.  खरंच होतं ते. तिच्या तोंडात तारा, ती मांसाचा एक तुकडाही चावू शकली नव्हती. तिचा जबडा मोडला म्हणूनच ती समेटात नव्हती.

तुमच्या गरुडांचा म्हातारा ऑगस्टस मधल्या खुर्चीवर होता. लेलँडच्या आईचा तो मावसभाऊ, म्हणजे तुमचाच मामा. लेलँडला वाटलं तो आपल्या बाजूनं बोलणार. म्हाताऱ्यानं पाटी जवळ ओढून वाचली. मग म्हणाला, “मार हिनं खाल्ला. समेट खायचा हक्क हिचा. म्हातारीनं जेवण केलं, समेट नाही केला.” आणि लेलँडला म्हणाला, “पोरा, तू माझा आहेस म्हणून सांगतो. होडीत बस आणि जा.”

लेलँड उठला. ‘तुम्हा बिंगोवाल्यांना मी ओळखत नाही’ म्हणाला आणि बाहेर पडला. आम्हाला वाटलं गेला. तो घरी गेला होता. एव्हरी मामाजवळ सरपण रचत होता. लेलँडनं कुऱ्हाडीचा तुंबा हायरमच्या हातावर घातला, तो हात ओंडक्यावर असताना. एकदा नाही. हायरमच्या उजव्या हाताची तीन बोटं काल डॉक्टरनं काढली. दारात आई आडवी आली, तिला त्यानं ढकललं, तिच्या बरगड्या मोडल्या. पंचाऐंशी वर्षांची बाई, जिनं त्याच्या हातचं खाल्लं. एव्हरी ओरडत होता, त्याची मानगूट धरून फरफटत होडीत टाकला. डीलिया पाण्यात छातीपर्यंत गेली त्या होडीमागे. तोंड उघडत नाही म्हणून तिला ओरडताही येत नव्हतं. तो घशातला आवाज माझ्या कानातून जात नाही.

तू त्याला वाढवलंस. आता तूच सांग, पोर कुठे आहे.

रोवेना


१८ नोव्हेंबर

रोवेना,

निरोप मिळाला असेल. एव्हरी इथे आहे. जेवतो, झोपतो, बोलत नाही. लेलँड बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो आणि किल्ली नेतो. हे पत्र मी खिडकीतून शेजारणीच्या हाती देणार आहे. पोलिसांना बोलवू का, असं ती विचारत होती. मी नको म्हटलं, आणि तुम्हीही बोलवू नका. घरात बंदूक आहे आणि पोर त्याच्याच खोलीत झोपतं.

मी जिन्यावरून पडले नव्हते. सप्टेंबरात तो आला त्या दिवशी मी विचारलं, डीलियाला काय केलंस? त्यानं माझं मनगट टेबलाच्या कडेवर ठेवून दाबलं, मोडेपर्यंत. मग रडला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, अगदी चार वर्षांचा असताना रडायचा तसा. आणि मी त्याच्या केसांतून डावा हात फिरवत बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? म्हणून हरणाचं सुचवलं. मला वाटलं, एवढा समेट झाला की तो राग कायमचा बसेल. डीलियाला चावता येत नाही हे मला ठाऊक होतं. तुझ्याच पत्रात होतं. त्याचा अर्थ मी मनात येऊच दिला नाही.

त्यानं शहराच्या कोर्टात अर्ज केला आहे. म्हणतो, गावच्या कोर्टाला अधिकार नाही, आणि असलाच तर रिवाजाप्रमाणे समेट झालेला आहे, म्हणून पोर त्याचं. सोमवारी सुनावणी. तुम्हा लोकांना फोनवर घेणार आहेत. माझं नाव त्यानं साक्षीदार म्हणून दिलंय. मी सांगायचं की समेटाचं मांस होतं, मीच पाठवलं होतं. ते खोटं नाही, रोवेना.

आपल्या कुळाच्या माणसाविरुद्ध परक्याच्या दारात बोलणारी बाई आजवर कुणी झाली का? मला आठवत नाही. तुझी आई कशी आहे?

मायर्टल


१ डिसेंबर

प्रिय मायर्टल,

तू तिकडे खोलीत होतीस, आम्ही इकडे बिंगोच्या टेबलाभोवती फोनचा आवाज मोठा करून बसलो होतो. अर्धं गाव भिंतीला टेकून उभं. तुला आमची बाजू कळावी म्हणून लिहिते.

लेलँडच्या वकिलानं सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, हरलो. त्याला आपलाच रिवाज आपल्यापेक्षा नीट सांगता येत होता. न्यायाधीशबाईंनी ऑगस्टसला विचारलं, तुमच्या कोर्टाला हा अधिकार कुठून आला? म्हातारा म्हणाला, “बाई, तुमच्या सरकारचं विमान इथे यायच्या आधीपासून इथे पोरं जन्मत होती. त्यांना कुणी जेवू घालायचं हे कुणीतरी ठरवतच होतं ना?” कुणीतरी हसलं. डीलिया हसली नाही. तिच्या तारा त्या सकाळीच काढल्या होत्या, जबडा धरून बसली होती.

मग तुझं नाव पुकारलं. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी माझ्या आईचा हात धरला.

“हरीण मी न्यायला सांगितलं,” तू म्हणालीस. “समेटासाठीच. पण ज्या बाईशी समेट करायचा तिला खाता येत नव्हतं, आणि ते तिचं तोंड माझ्या भावानंच मोडलं होतं. म्हणून समेट झाला नाही. आमच्यात असं आहे. हे मनगटही त्यानंच मोडलं.”

 आमच्याकडे हायरम उठून बाहेर गेला. तुझ्याकडे काहीतरी आपटल्याचं ऐकू आलं, पोलीस ओरडले, मग न्यायाधीशबाईंनी निकाल सांगितला. मुलाचं घर हेमलॉक बेमध्ये, दावा तिथे सुरू झाला, बाप स्वतः पोटगीचं मांस घेऊन त्या कोर्टाच्या हुकमाखाली तिथे गेला; तेव्हा मुलाचा निर्णय तेच कोर्ट करेल आणि त्याचा हुकूम इथेही चालेल.

पोलिसांनी लेलँडला तिथेच धरलं तेव्हा आत ठेवतील असं आम्हाला वाटलं होतं. जामिनावर सोडला असं काल कळलं. एव्हरी तुझ्या हवाली केलाय तर वेळ घालवू नकोस, शुक्रवारच्या टपालाच्या विमानात त्याला बसव. विमानात बसेपर्यंत पोलीस बरोबर ठेव. शक्य असेल तर तूही ये.

आई बरी आहे, खोकताना दुखतं म्हणून शिव्या देते. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

तुझीच,
रोवेना


१२ डिसेंबर

रोवेना,

एव्हरी पोचला, हे वैमानिकानं सांगितलं. त्यानं तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मी सांगते. पोलिसांना सांगितलं तेच, एक शब्द कमी नाही.

पोलीस धक्क्यापर्यंत आला होता. पाण्यावर उतरणारं ते विमान धक्क्याला लागलेलं दिसल्यावर मीच त्याला म्हटलं, जा आता. तो गाडीकडे वळला. लेलँड त्याच्या होडीत, खालच्या तरंगत्या फळ्यांना लागून, ताडपत्रीखाली बसला होता. वर आला आणि एव्हरीचा हात धरला. पोरानं दुसऱ्या हातानं माझा कोट पकडला. लेलँड इतक्या जोरात ओढत होता की पोराच्या खांद्यातून आवाज आला. मी विनवलं, नाव घेऊन, लहानपणीच्या नावानं. त्यानं मला लाथ मारली. मी पडले तिथे होड्या ओढायची लांब दांड्याची आकडी होती. ती मी उचलली आणि त्याच्या कानावर मारली. त्यानं पोराला सोडलं नाही. मग मी पुन्हा मारली, तोंडावर, तशीच जशी त्यानं डीलियाला मारली असेल. तो मागे गेला आणि होडी आणि फळ्या यांच्यामधल्या फटीत पडला.

तो वर आला, रोवेना. डोकं रक्तानं भरलं होतं. त्यानं हात वर केला. आकडी माझ्या हातात होती, वाकून खाली धरली असती तर त्याला मिळाली असती. मी एव्हरीचं तोंड माझ्या कोटात दाबून धरलं आणि उभी राहिले. लाटेनं होडी फळ्यांवर आदळली. त्यानंतर हात दिसला नाही.

पोलीस म्हणाले, त्या पाण्यात कुणीच वाचलं नसतं, मुलाला वाचवलंत, घरी जा. सरकारी वकिलानंही तेच सांगितलं. कुणी मला काही करायला तयार नाही. आमच्या कुळाचं इथे कुणी उरलं नाही. शवागारातून फोन येतो की घेऊन जा. मी उचलत नाही.

ज्या पोराला मी पाठीवर वाढवलं त्याला मी मारलं. मी हेमलॉक बेच्या कोर्टापुढे यायला तयार आहे. मागे मी विचारलं होतं की तुम्हाला अधिकार दिला कुणी. मी देते. तुम्ही सांगाल ते मान्य. आणि एक सांगा, मला त्याच्यासाठी रडायचा हक्क आहे का? मी अजून रडले नाही.

मायर्टल


१७ डिसेंबर

प्रिय विहीणबाई,

तुझं पत्र मी कोर्टात वाचून दाखवलं. तुझी परवानगी न घेता वाचलं, पण तू कोर्टाला विचारलं होतंस, मला एकटीला नाही. शवागाराचं वाचलं तेव्हाच हायरमनं टोपी घातली आणि होडी काढली. बाकी कोर्ट तो परत येईपर्यंत थांबलं.

ऑगस्टस म्हणाला, माणूस मेल्याचा निवाडा आमच्या हाती नाही, तो सरकारचा, आणि त्यांनी तो केला. आमच्या हाती फक्त पोर आहे. तेव्हा पोराच्या बाबतीत हुकूम असा. बाप मेला म्हणून पोटगी मरत नाही, ती त्याच्या कुळावर येते, आणि त्याच्या कुळात सगळ्यात जवळची तू आहेस. दर हिवाळ्याला हरीण, मासे, सरपण. मी वाक्य यावेळी नीट लिहिलंय: आत्यानं स्वतः घेऊन यावं आणि सगळ्यांबरोबर जेवावं. तू पोराला धक्क्यावर वाचवलंस म्हणून सूट मागशील तर मिळणार नाही.

आता दुसरं. लेलँड इथे आहे. कागदावर अजून डीलियाच त्याची बायको, म्हणून सही तिनं केली. जाताना ती होडीत हायरमशेजारी बसली होती. उरलेल्या दोन बोटांनी तो कसा होडी चालवत होता हे तूच येऊन बघ. गरुडाला पुरायचं काम कावळ्यांचं, कितीही नकोसा असला तरी. हा रिवाज कुणी कुणावर उपकार म्हणून करत नाही. माझ्या आईनं, बरगड्या बांधलेल्या असताना, खुर्चीत बसून त्याला आंघोळ घातली. नाक मुरडत होती आणि नीट पुसतही होती. डीलियानं सदरा शिवला. शिवताना तिनं तीन वेळा तो फेकून दिला आणि तीन वेळा उचलला. खड्डा परवा खणून झाला. दगड फार लागले. एव्हरी एका हातानं दगड वर देत होता, दुसरा खांद्याला बांधलेला आहे. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. तोही कावळाच आहे, त्याचं काम त्यानं केलं. आणि काल पहिल्यांदा बोलला. ‘आत्या कधी येणार?’ म्हणून विचारलं.

पण माती आम्हाला टाकता येत नाही. मेलेल्याच्या आईच्या पोटचं कुणीतरी समोर बसल्याशिवाय टाकायची नसते, आणि तुझ्याशिवाय त्याचं तसं कुणी नाही. डीलियानं तुला निरोप दिलाय, तिच्या तोंडून, अजून शब्द वाकडे निघतात. “तिला सांग, मी तिच्याशेजारी बसेन.”

मंगळवारच्या विमानानं ये. तुझ्या प्रश्नाला कोर्टानं वेगळं उत्तर दिलं नाही, रिवाजातच आहे ते. त्या दिवशी तुला काही उचलायचं नाही, काही शिजवायचं नाही. तू फक्त बसायचं आणि रडायचं. बाकीचं सगळं आम्ही करतो.

तुझी,
रोवेना